ढाळ आणि हवा : बऱ्हाणपूरच्या भुयारात

भडगावहून बऱ्हाणपूरला जायचं तर पाचोऱ्याला रेल्वे धरावी, भुसावळला उतरून खंडव्याकडची गाडी पकडावी. भुसावळ सोडलं की तापीचा पूल लागतो आणि मग दोन्ही बाजूंना केळीच केळी. सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशनं येतात तसा डाव्या हाताचा सातपुडा जवळ सरकत जातो. रावेरनंतर वाघोडा, आणि मग बऱ्हाणपूर. मधेच कुठेतरी महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश सुरू झालेला असतो, पण डब्यातल्या गप्पांवरून ते कळत नाही. खान्देश रावेरला संपतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एके काळी अख्ख्या खान्देशचा कारभार बऱ्हाणपुरातून चालायचा. भडगाव, पाचोरा, चाळीसगावच्या मुलखाची राजधानी तापीच्या काठावर, आज दुसऱ्या राज्यात असलेल्या या गावात होती.

या वाटेला मला लावलं ते भाच्याने. तो भुयारी गटारीच्या कामावर सुपरवायझर आहे. दिवसभर खोदाई, मुरूम, पाईप आणि चेंबर यांच्यात असतो. त्याला कुणीतरी बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचे फोटो दाखवले होते.

“मामा, चारशे वर्षांपूर्वीची लाईन आहे. अजून चालू आहे म्हणतात. बघून येऊ.”

“अरे, पण ती पिण्याच्या पाण्याची. तुझी गटारीची.”

“असू द्या ना. पाणी चांगलं असो की घाण, जमिनीखाली त्याला ढाळच लागतो.”

हे त्याचं म्हणणं प्रवासभर माझ्या डोक्यात राहिलं आणि परत येईपर्यंत मला ते पटलंही.

खान्देशची जुनी राजधानी

खान्देशात फारुकी घराण्याची सत्ता चौदाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. खुलदाबादला ज्यांची कबर आहे त्या सुफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून तापीकाठच्या या शहराला बुऱ्हानपूर, म्हणजे आपलं बऱ्हाणपूर, हे नाव मिळालं. शहराच्या उत्तरेला असीरगड आहे. दक्षिणेत उतरणाऱ्या वाटेवरचा हा किल्ला १६०१ मध्ये अकबराच्या हाती पडला आणि फारुकींचं राज्य संपलं. मग बऱ्हाणपूर मोगलांचं दख्खनमधलं ठाणं झालं. मोठ्या फौजा, शाहजादे, त्यांचे जनाने, हत्ती-घोडे, सराया, विणकरांच्या वस्त्या, सगळं इथे गोळा झालं. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात सुरतेहून अजमेरला जाताना इथे थांबला होता आणि जहांगीरचा मुलगा परवेझ याला भेटला होता. पुढे १६३१ मध्ये मुमताज महल इथेच वारली. तिचं पहिलं दफन बऱ्हाणपुरातच झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस, ताजमहाल बांधून होण्याच्या कितीतरी आधी, तिचा देह आग्र्याला नेला. मिर्झाराजे जयसिंगही १६६७ मध्ये इथेच वारले. १६८१ च्या सुरुवातीला मराठ्यांनी या शहरावर जो छापा घातला, तो आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतो.

असं शहर तहानलेलं राहून चालत नाही. तापी पायथ्याशी वाहते खरी, पण शहर उंच काठावर आहे. नदीचं पाणी रोज वर चढवायचं म्हणजे मोट आणि बैल अखंड राबवायला हवेत. वेढा पडला तर शत्रू नदीच अडवील किंवा नासवील, ही भीतीही होती असं सांगतात. म्हणून पाणी खालून वर चढवण्याऐवजी वरून खाली उतरवायचं ठरलं. मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे दोह्यांमुळे घराघरात पोचलेला रहीम, याच्या काळात हे काम झालं. फारसी जाणकार तबकुतुल अर्ज याने सातपुड्याच्या पायथ्याचे पाण्याचे झरे हेरून आखणी केली आणि काम १६१५ मध्ये झालं, असं मानलं जातं. रो बऱ्हाणपुरात आला तेच हे वर्ष.

सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी

तबकुतुल अर्जने हेरलं काय, हे समजायला रावेर-यावल-चोपड्याच्या शेतकऱ्याला विचारावं. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांनी डोंगराच्या पायथ्याशी दगडगोटे, वाळू आणि गाळाचा जाड थर आणून टाकला आहे. भूजलाची माणसं या पट्ट्याला बजाडा म्हणतात. पावसाचं पाणी इथे झपाट्याने मुरतं आणि जमिनीखालून तापीच्या दिशेने हळूहळू झिरपत जातं. म्हणजे उत्तरेला डोंगर, दक्षिणेला नदी, मधे शहर, आणि डोंगराकडून नदीकडे जाणारं पाणी शहराच्या अंगणाखालूनच वाहणार. ते मधल्या वाटेत अडवून, भुयारात गोळा करून, आपल्याच ढाळाने शहरात आणायचं, एवढीच युक्ती. पंप नाही, मोट नाही, बैल नाही.

ही युक्ती इराणची. तिथे तिला कनात म्हणतात. डोंगरउतारावर पाणी लागेल अशा जागी एक खोल विहीर घ्यायची. तिथपासून गावापर्यंत जमिनीखालून जवळजवळ आडवं भुयार न्यायचं. मधे ठरावीक अंतरावर उभे झरोके, म्हणजे विहिरीसारखे कूपक, खणायचे. खोदलेली माती त्यातूनच वर काढायची, हवा त्यातूनच खाली घ्यायची आणि पुढच्या पिढ्यांनी गाळ काढायलाही त्यातूनच उतरायचं. इराणातल्या अशा अकरा कनातींना २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. आपल्याकडे बीदरला अशी भुयारं आहेत. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरच्या नहरीही डोंगराकडचं पाणी अशाच ढाळाने शहरात आणत. बऱ्हाणपुरात असे एकूण आठ भंडारे होते. त्यात मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण भंडारा ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. सगळ्यांत प्रसिद्ध मात्र कुंडी भंडारा. जुन्या लिखाणात त्याला खूनी भंडारा म्हटलेलं आढळतं.

कुंडीत उतरताना

बऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन जुन्या शहराबाहेर, लालबाग भागात आहे. कुंडी भंडाराही त्याच बाजूला, त्यामुळे रिक्षाला फार वेळ लागत नाही. तिथे पोचल्यावर आधी काही दिसतच नाही. माळ, थोडी झाडं आणि एका रेषेत उभ्या असलेल्या गोल कठड्यांच्या विहिरी. एकीपासून थोड्या अंतरावर दुसरी, तिच्यापुढे तिसरी, आणि अशी रांग नजर पोचेल तिथवर. या कुंड्या शंभरावर आहेत आणि त्यांच्याखालचं भुयार सुमारे चार किलोमीटर लांब आहे. वरून पाहणाऱ्याला विहिरी दिसतात, भुयार दिसत नाही. भाच्याने मात्र लगेच ओळखलं.

“ही चेंबरची लाईन आहे, मामा. आमच्यासारखीच. फक्त झाकणं नाहीत.”

पर्यटकांसाठी एका कुंडीत लिफ्ट बसवली आहे. ती सुमारे ऐंशी फूट खाली नेते. लिफ्टमधून जाताना आधी दगड-चुन्याचं बांधकाम दिसतं, मग नुसता कापलेला मुरूम, आणि खाली पाय टेकवायच्या आधीच थंडावा अंगाला लागतो. एप्रिल-मेच्या खान्देशी उन्हातून कुणी खाली आलं तर त्याला परत वर जावंसं वाटणार नाही. पाणी गुडघ्याच्या आसपास, इतकं नितळ की पायाची नखं दिसतात. चप्पल वर ठेवून, पँट दुमडून चालावं लागतं. भुयार काही ठिकाणी ऐसपैस आहे, काही ठिकाणी मान खाली घालावी लागते.

भिंती पांढुरक्या. हात लावला तर खरखरीत, जागोजागी गाठी आलेल्या. खडकातून झिरपताना पाण्यात चुना विरघळतो आणि भुयारातल्या हवेशी गाठ पडली की तो भिंतीवर बसत जातो. चारशे वर्षांत त्याचे थरावर थर चढले आहेत. कान दिला तर पाणी कुठून कुठून येतंय ते ऐकू येतं. एका बाजूच्या भेगेतून टपटप, दुसरीकडून बारीक धार. हे भुयार कुठल्या तळ्यातून पाणी आणत नाही. वाटेतल्या जमिनीतूनच ते पाणी गोळा करत जातं.

आणि उजेड. थोडं चाललं की डोक्यावर पुढची कुंडी येते आणि पाण्यावर गोल उजेड पडतो. मग अंधार, मग पुन्हा उजेड. त्या प्रत्येक गोलाखाली थांबलं की वरून येणारी हवा चेहऱ्याला लागते. भाच्याने खिशातून टेप काढला, भुयाराची रुंदी मोजली, पाण्यात एक वाळकं पान सोडलं आणि ते किती वेगाने जातं ते मोबाइलवर वेळ लावून पाहत राहिला. पान डुलत डुलत, पण न थांबता गेलं.

“ढाळ बघा. जास्त दिला असता तर पाण्याने तळ उकरला असता. कमी दिला असता तर गाळ बसला असता. आमच्याकडे लेझर लेव्हल आहे, तरी पोरं चुकतात.”

जुन्या कनातींचा ढाळ हजार मीटरला एक मीटर किंवा त्याहूनही कमी असे. चार किलोमीटरमध्ये चार मीटरचाही उतार नाही, आणि तोही जमिनीच्या पोटात, दिव्याच्या उजेडात, एकेका कूपकातून दोन्ही बाजूंना खोदत साधायचा. दिव्यांच्या रांगेने दिशा धरत. आणि दिवा मंदावला की हवा कमी पडतेय हे कळून माणूस बाहेर येई.

भुयारातून आलेलं पाणी जाळी करंज नावाच्या हौदात जमा होत असे आणि तिथून नळांनी शहरभर जाई. महाल, हमाम, सराया आणि वस्त्यांना ते मिळे. शाही किल्ल्यातला हमाम आजही पाहता येतो. छतावरची रंगीत नक्षी बरीच टिकून आहे. त्या हमामात गरम आणि गार पाणी खेळवायचं तर पाणी सतत, एका दाबाने यायला हवं, हे पाहिलं की आठ भंडाऱ्यांची गरज कळते.

मुंबईला ढाळ नव्हता

भुयारातून वर आलो, कठड्याला टेकून बसलो आणि बोलणं आपोआप गटारीकडे वळलं. शहरात पाणी आणलं की ते वापरून झाल्यावर बाहेरही न्यावं लागतं. मुंबईने हे फार कष्टाने शिकलं. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळाने मुंबईत आलं. घरोघरी पाणी वाढलं, तसं सांडपाणीही वाढलं. पण मुंबईचा मधला सखल भाग बेटांमधली खाडी बुजवून केलेला, त्यातला बराचसा भरतीच्या पातळीच्या खाली. बऱ्हाणपूरला पाठीशी सातपुडा आणि पुढे तापी. मुंबईला ढाळ द्यायला जागाच नव्हती. म्हणून भुयारी गटारींतून सांडपाणी वरळीच्या लव्हग्रोव्हला आणायचं आणि तिथे पंपांनी वर उचलून समुद्राकडे लोटायचं, अशी व्यवस्था एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. लव्हग्रोव्हचं पंपिंग स्टेशन आजही त्या कामातला मोठा दुवा आहे.

पुढे वरळी आणि वांद्रे इथून समुद्राच्या तळाखालून सांडपाण्याचे बोगदे नेले गेले. वरळीचा ३.४ किलोमीटर, वांद्र्याचा ३.७ किलोमीटर. किनाऱ्यालगत घाण साचू नये, खोल पाण्यात ती विरळ व्हावी, हा त्यामागचा हिशोब. पण विरळ केलेली घाण म्हणजे शुद्ध केलेलं पाणी नव्हे. म्हणूनच आता मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशा सात ठिकाणी नवी शुद्धीकरण केंद्रं उभी राहत आहेत. सगळी मिळून रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करतील, अशी योजना आहे.

तंत्र बदललं. मुरमात कुदळीने खोदायचं तिथे बेसाल्टमध्ये टनेल बोअरिंग मशीन फिरतं, चुन्याच्या जागी काँक्रीटच्या कड्या बसतात. नियम बदलले नाहीत. गटारीतलं पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगाने तरी गेलं पाहिजे, नाहीतर मैला तळाशी बसतो, असं आजचे अभियंते धरतात. लंडनच्या जुन्या गटारी अंड्याच्या आकाराच्या, निमुळती बाजू खाली करून बांधल्या, त्याचं कारणही हेच. पाणी कमी असलं तरी अरुंद तळातून त्याचा वेग टिकावा. लहान गटारीवर सरळ रेषेत साधारण दर ३० मीटरला चेंबर घ्यावं, असाही दंडक आहे.

एक फरक मात्र जीवघेणा आहे. कुंडी भंडारा वरून उघडा आहे, म्हणून आम्ही खाली मजेत फिरलो. गटार झाकलेली असते आणि मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे चेंबरच्या तळाशी साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासा होतो आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. असल्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारीत किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारीत मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यायला सांगितलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. सक्शनचे टँकर, जेटिंगची यंत्रं, चेंबरमध्ये उतरणारे रोबोट, सगळं देशात आहे. तरी स्वस्तात काम व्हावं म्हणून दोरीला बांधून माणूस सोडणं थांबलेलं नाही. भाचा या विषयावर फार बोलला नाही. “आम्ही माणूस उतरवत नाही,” एवढंच म्हणाला आणि गप्प राहिला.

भंडाऱ्याचं आजचं दुखणं

कुंडी भंडाऱ्याला गॅसचं भय नाही, पण त्याचं दुखणं वेगळं आहे. त्याचं पाणी जिथून येतं त्याच पट्ट्यात आज बोअरवेल दाटीने आहेत. सातपुड्याच्या पायथ्याची केळी भूजलावर उभी आहे आणि आमच्या जिल्ह्यातले रावेर आणि यावल हे तालुके भूजल उपशात धोक्याच्या यादीत आहेत. डोंगरावरची झाडी कमी झाली तसं पाणी मुरणंही कमी झालं. भुयाराचा ढाळ शाबूत, चुना शाबूत, पण वरून पाणीच कमी आलं तर कारागिराचं काय चालणार?

या पट्ट्यात पावसाळ्याचं पाणी मुद्दाम मुरवायचं, या हेतूने १० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. २०२४ मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीतही आला. करार आणि यादी दोन्ही चांगल्याच, पण भंडाऱ्याला जगवायचं तर आधी त्याच्या पाणलोटातला उपसा आणि मुरवण यांचा मेळ बसावा लागेल.

जायचं असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. हिवाळा बरा. लिफ्ट चालू आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्यावं. दमेकऱ्यांनी आणि गुडघेदुखीवाल्यांनी वरूनच कुंड्यांची रांग पाहावी. एक दिवस हाताशी असेल तर शाही किल्ला, त्यातला हमाम आणि जामा मशीद पाहावी. मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातलाही शिलालेख आहे, तो अवश्य शोधावा. असीरगडाला मात्र वेगळा दिवस ठेवावा.

आपल्या गल्लीसाठी

भडगाव गिरणेकाठी आहे आणि गिरणा पुढे तापीलाच मिळते. आपल्या गल्लीतून जे वाहून जातं ते आज ना उद्या त्याच तापीत जातं, जिच्या काठावर बऱ्हाणपूर वरच्या अंगाला आणि सुरत खालच्या अंगाला आहे. खान्देशातल्या लहान-मोठ्या शहरांत आता भुयारी गटारींची कामं निघू लागली आहेत. रस्ते खणले जातात, धूळ उडते, लोक वैतागतात आणि काँक्रीट पडलं की सगळे हुश्श करतात. खरी चौकशी करायची वेळ त्याच्या आधीची असते.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं. तुमच्या दारासमोर चर खणला की गाडी कुठून काढायची, याच्याबरोबर तीन प्रश्न विचारा. पाईपाचा ढाळ कुणी मोजला आणि तो नोंदवला आहे का? चेंबर किती अंतरावर आहेत, आणि वरचा डांबराचा किंवा काँक्रीटचा थर चढल्यावरही ती उघडतील का? आणि तुंबल्यावर साफ करायला यंत्र येणार आहे की माणूस? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली नाहीत, तर काम थांबवायचा हट्ट धरा. ते गाडल्यावर दुरुस्त करता येत नाही.